नवी वसाहत आखताना: आधी माती, पाणी, ऊन, यंत्रे सर्वांत शेवटी

नव्या गृहप्रकल्पात पर्यावरणाचा विचार बहुतेक वेळा चुकीच्या टोकाने सुरू होतो. इमारतींच्या जागा ठरतात, नकाशे मंजुरीला जातात आणि मग प्रश्न निघतो की गच्चीवर सोलर किती बसेल, सांडपाण्याचा प्लांट कुठे घालायचा. पॅनेल दहा वर्षांनीसुद्धा बसवता येते. इमारतीचे तोंड मात्र फिरवता येत नाही, रोलर फिरून दगड झालेली जमीन पुन्हा पाणी पिऊ लागत नाही आणि भरावाखाली गेलेली काळी माती परत मिळत नाही. म्हणून कामाचा क्रम असा ठेवावा: जे नंतर बदलता येणार नाही, ते आधी ठरवायचे.

रेघ मारण्यापूर्वी जमीन वाचा

सर्वेक्षणात नुसत्या हद्दी मोजून भागत नाही. अर्ध्या मीटरच्या अंतराने समोच्च रेषा (समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) काढून घ्या, प्रत्येक मोठे झाड बुंध्याच्या व्यासासह नकाशावर टाका आणि जमले तर एका जोरदार पावसात जागेवर फिरून पाणी कुठून येते, कुठे साचते ते पाहा. जिथे पाणी आपणहून जमते ती जागा मोकळी सोडायची, तीच बाग आणि तेच मैदान. तिथे भराव टाकून इमारत उभी केली तर पाणी नाहीसे होत नाही. ते तळघरात तरी शिरते, नाहीतर शेजाऱ्याच्या आवारात.

झाडांसाठी सरळ हिशोब आहे. जमिनीपासून दीड मीटर उंचीवर बुंध्याचा व्यास मोजा आणि त्याला १२ ने गुणा. तेवढ्या त्रिज्येच्या वर्तुळात खोदाई, भराव, सामानाचा साठा, गाड्यांची ये-जा यांतले काहीच नको. ४० सें.मी. व्यासाच्या झाडाभोवती ही त्रिज्या ४.८ मीटर होते. पहिले मशीन आत येण्यापूर्वी तिथे पक्के कुंपण हवे. चुन्याची खूण दोन दिवसांत पुसली जाते. बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या अर्ध्या-पाऊण मीटरमध्ये असतात आणि त्यांना हवा लागते. त्यांच्यावर १५ सें.मी. मातीचा थर टाकला तरी मोठे झाड गुदमरू शकते. झाड वाळायला मात्र तीन-चार वर्षे जातात, तोवर कंत्राटदार निघून गेलेला असतो आणि दोष किडीला दिला जातो.

वरची १५ ते ३० सें.मी. माती म्हणजे त्या जागेचे भांडवल. ती कोरडी असतानाच उचलायची. ओली उचलली तर तिचे कण चेंगरतात आणि ती विटेसारखी घट्ट बसते. ढीग दोन मीटरहून उंच नको, कारण त्याहून उंच ढिगात आत हवा पोचत नाही आणि जिवाणू मरतात. ढिगावर गाडी चढू देऊ नका; ताग किंवा गवत पेरून तो झाकून ठेवा. एक हेक्टरवरची २० सें.मी. माती म्हणजे २,००० घनमीटर. ढिगाची सरासरी उंची दीड मीटर धरली तर तिला सुमारे १,३०० चौरस मीटर जागा लागते. ही जागा आराखड्यात आधी दाखवलेली नसेल, तर माती पहिल्याच महिन्यात ट्रकने बाहेर जाते आणि तीन वर्षांनी बागेसाठी विकत आणावी लागते.

पाणी मुरते किती, ते हाताने मोजा

शोषखड्डे कुठे आणि केवढे, हे अंदाजाने ठरवणे ही या कामातली सर्वांत महागडी चूक. चाचणी साधी आहे आणि दोन दिवसांत होते.

जिथे पाणी मुरवायचे तिथे, आणि मुरवण्याच्या थराचा तळ जितका खोल येणार तितक्याच खोलीवर, सुमारे ३० सें.मी. रुंद आणि ३० सें.मी. खोल खड्डा घ्या. चिकण मातीत कुदळीने किंवा ऑगरने (जमिनीत भोक पाडायच्या गिरमिटाने) बाजू लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात आणि पाणी अडते. त्या सुरीने खरवडून घ्या. तळाला ५ सें.मी. बारीक खडी टाका, काठोकाठ पाणी भरा आणि रात्रभर तसेच सोडा. कोरडी माती सुरुवातीला अधाशासारखी पाणी पिते, तो आकडा खरा नसतो. दुसऱ्या दिवशी खडीच्या वर १५ सें.मी. पाणी भरा आणि दर अर्ध्या तासाला पातळी किती उतरली ते पट्टीने मोजून पुन्हा भरा. लागोपाठ तीन वाचने सारखी आली की त्याची दुप्पट म्हणजे तुमचा तासाचा वेग. तासाला २५ मि.मी. किंवा जास्त असेल तर जमीन चांगली. १० ते २५ मध्ये काम होते, पण क्षेत्र वाढवावे लागते. १० च्या खाली मुरवण्यावर भिस्त ठेवू नका. पाणी साठवा आणि हळूहळू सोडा.

लहान खड्ड्यात पाणी बाजूंनीही पसरते, शिवाय पुढे गाळ बसणार असतो. त्यामुळे मिळालेल्या आकड्याचा निम्माच आराखड्यात वापरा. भूजलाची पातळी पावसाळ्याच्या शेवटी सर्वांत वर असते. त्या पातळीपासून मुरवणीचा तळ किमान एक मीटर वर हवा, नाहीतर पाण्याला खाली जायला जागाच नसते. त्यासाठी छिद्रे पाडलेला एखादा पाइप सर्वेक्षणाच्या वेळीच जमिनीत उभा पुरून ठेवा आणि संपूर्ण पावसाळाभर पातळीची नोंद करा. मुरवणीची जागा इमारतीच्या पायापासून पाच मीटर तरी लांब असावी.

पावसासाठी वाफे, गटारे नव्हेत

एक चौरस मीटरवर एक मि.मी. पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. यावर सगळे गणित उभे राहते. ६०० चौरस मीटरच्या गच्चीवर ३० मि.मी. पाऊस पडला आणि त्यातला ९० टक्के वाहून आला, तर १६.२ घनमीटर पाणी झाले. त्यासाठी खोलगट वाफा करायचा असेल, तर वर १५ सें.मी. पाणी उभे राहील एवढी खोली आणि खाली ६० सें.मी. भुसभुशीत मिश्रण धरा. मिश्रणात साधारण २० टक्के पोकळी मिळते, म्हणजे १२ सें.मी. पाणी. दोन्ही मिळून प्रत्येक चौरस मीटरला २७ सें.मी. साठा झाला आणि वाफ्याचे क्षेत्र आले ६० चौरस मीटर, गच्चीचा दहावा हिस्सा. मुरण्याचा वेग तासाला १२ मि.मी. धरला तर उभे पाणी साडेबारा तासांत उतरते. डासाची अंडी ते डास या प्रवासाला आठवडाभर लागतो, त्यामुळे दोन दिवसांत कोरडा होणारा वाफा डासांचे घर होत नाही.

वाहणाऱ्या पाण्याचा वेगही तपासा. क्षेत्र हेक्टरमध्ये, पाऊस तासाला मि.मी. मध्ये घ्या, वाहण्याच्या गुणांकाने (पडलेल्या पावसातला वाहून जाणारा हिस्सा) गुणा आणि ३६० ने भागा. उत्तर सेकंदाला घनमीटरमध्ये येते. तासाला ६० मि.मी. पावसात मोकळ्या जमिनीच्या एका हेक्टरवरून, गुणांक ०.२ धरून, सेकंदाला सुमारे ३३ लिटर पाणी येते. तिथेच छपरे आणि रस्ते झाले की गुणांक ०.७ होतो आणि आकडा ११७ लिटरवर जातो. वसाहतीच्या तोंडाशी हा आकडा पुन्हा ३३ च्या आसपास आणणे हे आराखड्याचे उद्दिष्ट ठेवा. खालच्या बाजूला राहणाऱ्यांच्या दारात आपला पूर पाठवू नये, एवढी ही साधी बाब आहे.

वाफा बांधताना पातळ्या सांभाळा. वाफ्याची माती रस्त्याच्या कडेपेक्षा खाली, पाणी आत येण्याची खाच रस्त्याहून पाच सें.मी. खाली आणि ३० ते ४५ सें.मी. रुंद, जादा पाणी बाहेर नेणाऱ्या पाइपाचे तोंड मातीच्या वर बरोबर १५ सें.मी. हे चारही मुद्दे नकाशावर लिहिलेले हवेत. ते नसतील तर बागकाम करणारी मंडळी सवयीने माती उंच रचतात, वाफा रस्त्याच्या वर जातो आणि पाणी त्याच्या शेजारून गटारात निघून जाते. बाहेरून बाग हिरवीगार दिसते, पण पाणी एक थेंबही मुरत नाही. मिश्रणात साधारण ६० टक्के धुतलेली जाड वाळू, २० टक्के कंपोस्ट आणि २० टक्के राखून ठेवलेली माती घ्या. मिश्रण आणि खालची खडी यांच्यामध्ये कापड आडवे पसरू नका, ते काही वर्षांत गाळाने बुजते. त्याऐवजी सात-आठ सें.मी. बारीक खडीचा थर द्या. खाचेच्या तोंडाशी गाळ बसायला छोटी दगडी कुंडी ठेवा, म्हणजे सफाई तेवढ्यापुरतीच राहते.

हे वाफे सगळ्यात शेवटी, आजूबाजूची हिरवळ धरल्यावर उघडायचे. बांधकाम चालू असतानाच्या एका पावसात सिमेंट-मातीचा एवढा गाळ येतो की नवा थर पहिल्याच दिवशी बंद पडतो. तोवर गाळ अडवण्यासाठी वेगळे तात्पुरते तळे करा आणि मुरवणीच्या जागेला झाडांसारखेच कुंपण घाला. तिथून खडीचा ट्रक चार-पाच वेळा गेला तरी तुमची चाचणी रद्द झाली असे समजा.

सच्छिद्र फरसबंदी पार्किंगला चांगली, पण तिच्या खाली वाळू नको. दोन ते सहा मि.मी. ची खडी बिछान्याला, त्याखाली बारीक कण नसलेली २० ते ४० मि.मी. ची खडी आणि फटींत तीच बारीक खडी. फट सिमेंटने भरली की ती साधी फरशी झाली. बोअरवेलमध्ये सोडायचे असेल तर फक्त गच्चीचे, गाळलेले पाणी सोडा, तेही पावसाचे पहिले एक-दोन मि.मी. बाजूला काढून. रस्त्यावरच्या पाण्यात तेल असते. ते मातीच्या थरातूनच खाली जाऊ द्या.

इमारतीचे तोंड आणि सावली

इमारतीची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे मोठ्या भिंती उत्तर-दक्षिणेला येतात. रस्त्यामुळे किंवा हद्दीमुळे १५-२० अंश वाकडे जावे लागले तरी फार नुकसान होत नाही. पूर्व आणि पश्चिमेचे ऊन तिरपे, डोळ्यांच्या पातळीवर येते. तिथे आडवा छज्जा कितीही लांब केला तरी उपयोग नाही. त्या बाजूला खिडक्या कमी, जिने, डक्ट (पाइपांसाठीची उभी पोकळी) आणि न्हाणीघरे जास्त. खिडकी द्यावीच लागली तर उभ्या पट्ट्या किंवा सरकती झडप द्या.

सूर्य असलेल्या बाजूला, म्हणजे उत्तर गोलार्धात दक्षिणेला, छज्जाचे माप हिशोबाने काढता येते. दिवस-रात्र समान असतात त्या दिवशी माध्यान्हीचा सूर्य ९० उणे अक्षांश एवढा वर असतो आणि सर्वांत लहान दिवशी त्याहून २३.५ अंश खाली. २० अक्षांशावर हे आकडे ७० आणि ४६.५ येतात. दीड मीटर उंच खिडकीला, वरच्या कडेलाच, ५५ सें.मी. चा छज्जा दिला तर ७० अंशाला पूर्ण खिडकी सावलीत जाते. हिवाळ्यात वरची ५८ सें.मी. सावलीत राहून खालच्या ९२ सें.मी. मधून ऊन आत येते. छज्जा खिडकीच्या दोन्ही बाजूंना अर्धा मीटर जास्त न्या, कारण माध्यान्ह सोडली तर ऊन कडेनेच येते. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधल्या पट्ट्यात उन्हाळ्यात सूर्य काही आठवडे उलट बाजूलाही जातो, म्हणून तिकडच्या खिडक्यांनाही छोटा छज्जा लागतो.

दोन इमारतींमधले अंतर याच कोनावरून ठरवा. सर्वांत लहान दिवसाच्या दुपारी २० अक्षांशावर सावली इमारतीच्या उंचीच्या ०.९५ पट पडते, ४० अक्षांशावर दुप्पट. थंड भागात दाट इमारती बांधल्या तर खालच्या मजल्यांना हिवाळाभर ऊन मिळत नाही. खोली खिडकीपासून किती आत जावी, यालाही मर्यादा आहे. एकाच बाजूला खिडकी असेल तर छताच्या उंचीच्या अडीच पटीपुढे वारा पोचत नाही. समोरासमोर खिडक्या असतील तर पाच पटीपर्यंत पोचतो. २.८ मीटर उंचीच्या घरात ही मापे ७ आणि १४ मीटर येतात. लांब बोळाच्या दोन्ही बाजूंना घरे लावली की प्रत्येक घर एकाच बाजूने श्वास घेते. चार घरांसाठी एक जिना या रचनेत थोडी जागा जास्त जाते, पण बहुतेक घरांना दोन बाजू मिळतात. आमच्या मते एसीचा भार कमी करणारा याहून मोठा निर्णय आराखड्यात दुसरा नाही.

गच्ची, भिंत आणि काँक्रीट

उघड्या १५० मि.मी. स्लॅबमधून प्रत्येक चौरस मीटरला, तापमानातल्या एका अंशाच्या फरकामागे, साधारण ३.५ वॅट उष्णता आत येते. वर ५० मि.मी. एक्सपीएस फोम (उष्णता अडवणारा घट्ट फोमचा थर) घातला की हा आकडा ०.५ च्या आसपास उतरतो. क्रम महत्त्वाचा आहे: स्लॅब, उतार, वॉटरप्रूफिंग, त्याची पाणी साठवून चाचणी, मग फोम आणि वर फरशी. फोम वर असला की वॉटरप्रूफिंगचा थर उन्हापासून वाचतो आणि जास्त टिकतो. पांढरा रंग स्वस्त आणि चांगला, पण धूळ बसली की परावर्तन कमी होते. वर्षातून एकदा धुण्याची तजवीज हवी.

हलक्या, आत हवेची छिद्रे असलेल्या एएसी ब्लॉकची २०० मि.मी. भिंत विटेच्या २३० मि.मी. भिंतीच्या साधारण एक तृतीयांश उष्णता जाऊ देते. तडे जातात ते मात्र हयगयीमुळे: ब्लॉक भिजवून लावणे, पातळ जोडाऐवजी जाड साधा मसाला वापरणे आणि कॉलमच्या सांध्यावर जाळी न मारता प्लास्टर करणे.

काँक्रीटमध्ये सर्वांत मोठी बचत पार्किंगच्या आखणीत आहे. वरच्या घरांचे कॉलम खालच्या गाड्यांच्या आड आले की वरच्या कॉलमचा भार बाजूला नेणारे जाड ट्रान्सफर बीम टाकावे लागतात आणि पूर्ण मजल्याचे सिमेंट-लोखंड वाढते. त्यामुळे गाडीच्या जागांची मापे आणि घराच्या भिंती एकाच जाळीवर पहिल्या दिवसापासून जुळवा. तळघर टाळता आले तर उत्तम. सिमेंट फ्लाय ॲश (कोळशाची राख) किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) मिसळलेले घ्या. त्याची ताकद सावकाश चढते, म्हणून क्युरिंग (काँक्रीट ओले ठेवणे) सातऐवजी किमान दहा ते चौदा दिवस करा आणि शटरिंग (काँक्रीटचा साचा) उशिरा काढा. वेळापत्रकात हे दिवस आधीच धरले नाहीत तर साइटवर घाई होते आणि पृष्ठभाग भुसभुशीत राहतो.

घरातले पाणी

जुन्या पद्धतीत प्रत्येक न्हाणीघराच्या डक्टमधून वेगळा पाइप घरात शिरतो. एका घरात पाणी चार-पाच ठिकाणांहून येते आणि मग मीटर बसवणे अशक्य होते. नव्या वसाहतीत एकच प्रवेश ठेवा: जिन्याजवळच्या डक्टमध्ये मुख्य पाइप, तिथे घराचा मीटर आणि बंद करण्याचा कॉक, आणि तिथून घराच्या फॉल्स सीलिंगमधून आडवी पाइपलाइन. जिन्यावरून आत हात घालून मीटर वाचता आणि बदलता येईल एवढे दार हवे. ज्याला आपला वापर दिसतो तो गळकी टाकी दुरुस्त करतो; फ्लशची टाकी आवाज न करता दिवसाला शेकडो लिटर सोडू शकते.

गच्चीवरच्या टाकीपासून खाली दर दहा मीटरमागे पाण्याचा दाब सुमारे एक बारने (बार हे दाबाचे माप) वाढतो. पंधरा मजली इमारतीत खालच्या घरांना चार बारहून जास्त दाब मिळतो. तो दोन बारवर आणणारा व्हॉल्व्ह बसवला तर त्याच नळातून सुमारे ३० टक्के पाणी कमी येते.

सांडपाण्याचा हिशोब घरे मोजून करा. २०० घरे, सरासरी साडेचार माणसे आणि माणशी १३५ लिटर धरले तर रोजचा वापर सुमारे १२० घनमीटर होतो आणि त्यातले सुमारे १०० घनमीटर सांडपाणी म्हणून निघते. शुद्ध केलेले पाणी फ्लशला लागते ३६ घनमीटर, दोन हजार चौरस मीटर बागेला दहा. उरलेले पन्नासहून जास्त घनमीटर कुठे जाणार, हे आधी ठरवा. पावसाळ्यात बागेचीही गरज संपते. दुसरी अडचण सुरुवातीची. पहिल्या वर्षी वीस टक्के घरांत माणसे असतात, एवढ्या थोड्या सांडपाण्यावर पूर्ण क्षमतेच्या टाकीतले, सांडपाणी शुद्ध करणारे जिवाणू उपाशी मरतात आणि दुर्गंधी सुटते. म्हणून एकाऐवजी दोन-तीन समांतर युनिटे करा आणि वस्ती वाढेल तशी सुरू करा. टाकीतले हवेचे डिफ्यूझर वरूनच उचलून काढता येतील असे घ्या. टाकीत माणूस उतरावा लागेल अशी रचनाच करू नका. तिथला वायू काही क्षणांत माणसाचा जीव घेतो.

फ्लशची लाइन वेगळ्या रंगाची, तिला नळ कुठेही नाही. ताबा देण्यापूर्वी फ्लशच्या टाकीत रंग टाकून प्रत्येक घरातले सगळे नळ उघडून पाहा. एकाही नळाला रंग आला तर कुठेतरी दोन लाइन जोडल्या गेल्या आहेत.

वीज

पॅनेलच्या ओळींमधल्या अंतरासह एका किलोवॉटला आठ ते दहा चौरस मीटर सावलीविरहित गच्ची लागते. ६०० चौरस मीटर गच्चीतून टाक्या, जिन्याची खोली आणि वाटा वजा करून ३०० मिळाली तर तीस-पस्तीस किलोवॉट बसतात. भरपूर उन्हाच्या प्रदेशात त्यातून दिवसाला साधारण १३० युनिट निघतात, साठ घरांत वाटले तर घरटी दोन. उंच इमारतीत सोलर लिफ्ट, पंप आणि दिव्यांसाठी आहे, हे घर घेणाऱ्यांना स्पष्ट सांगा. पाण्याच्या टाक्या सूर्याच्या विरुद्ध बाजूला ठेवा, पॅनेलचे काँक्रीट ठोकळे वॉटरप्रूफिंगच्या आधी ओता आणि पंप दुपारी चालवा. पार्किंगच्या प्रत्येक जागेपर्यंत गाडी चार्ज करण्याच्या तारेसाठी रिकामा पाइप आत्ताच टाका.

ताबा आणि पहिला पावसाळा

सोसायटीला प्रत्यक्ष बांधल्याप्रमाणे नकाशे द्या: कुठला व्हॉल्व्ह कुठे, मुरवणीचे वाफे कुठले, त्यांवर काय बांधायचे नाही. मीटरच्या, प्लांटच्या आणि सोलरच्या नोंदींची वही पहिल्या दिवसापासून सुरू करा आणि बांधणाऱ्याच्या करारात वर्षभराची देखभाल ठेवा. पहिली मोठी सर आली की वाफ्यांवरून फिरा. पाणी खाचेतून आत वळते की बाजूने निघून जाते ते पाहा. ४८ तासांनी पुन्हा जा. जिथे पाणी अजून उभे असेल तिथे खूण करा, पाऊस उघडल्यावर वरचा पाच सें.मी. थर खरवडून काढा, तेवढेच नवे मिश्रण भरा आणि पुढच्या सरीत तोच वाफा पुन्हा मोजा.